ओटोचे पन्नास वर्षांपूर्वीचे विनोद आज चालतात का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाहीये ना, हे तुम्हाला तपासता येईल. तुम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून श्टुटगार्टला नोकरीसाठी गेलात. जर्मनची बी-१, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा झाली आहे. साठीला आलेल्या साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, "जर्मन माणूस हसतो कशाला हे कळायचं असेल तर ओटो वाल्केसचे जुने शो बघ." ओटो म्हणजे तिथला गाजलेला विनोदवीर. शेजारच्या टेबलावरच्या तिशीतल्या सहकारिणीने ते ऐकून नाक मुरडलं आणि 'ते आता नाही चालत' म्हणाली. तुम्ही घरी जाऊन १९७३ चा पहिला भाग लावला, वीस मिनिटं पाहिला, दोनदा हसलात आणि बंद केला. आता विचारताय की हे शिळं झालंय, की मला कळत नाहीये, की मला हसू यायलाच नको?

हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळी आहेत. मी चोवीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवते, मधली सहा-सात वर्षं सबटायटलंही केली. या काळात ओटोचे तुकडे किती बॅचना दाखवले असतील याचा हिशेब नाही. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, आता यूट्यूबवर. त्यामुळे कुठल्या वाक्याला हशा येतो आणि कुठे वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसतो, हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. अर्थात तो हशा पुण्यातल्या मुलांचा. श्टुटगार्टच्या कँटीनमधला वेगळा असू शकतो, तेवढी सूट ठेवा.

पहिल्यांदा साहेबांची बाजू, कारण ती नुसती 'आमच्या वेळी' छापाची नाही. ओटो १९४८ साली एमडेनमध्ये जन्मला, म्हणजे पार वायव्येला, समुद्राकाठच्या ओस्टफ्रीसलांडमध्ये. चित्रकला शिकायला हॅम्बुर्गला आला आणि गिटार घेऊन क्लबमध्ये गाता गाता गाण्यांपेक्षा मधली बडबडच लोकांना जास्त आवडायला लागली. ऑगस्ट १९७३ मध्ये, पंचवीस वर्षांचा असताना, त्याचा पहिला 'ओटो शो' एआरडी वाहिनीवर लागला. तेव्हा पश्चिम जर्मनीत टीव्ही म्हणजे एआरडी, झेडडीएफ आणि प्रत्येक प्रांताची तिसरी वाहिनी. खासगी वाहिन्या १९८४ मध्ये सुरू झाल्या. त्यामुळे आदल्या रात्री ओटो लागला की दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर सगळ्यांनी तेच पाहिलेलं असायचं, आणि ज्याला जास्त वाक्यं पाठ तो हिरो. तुमचे साहेब आज साठीचे असतील तर तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. ते तुम्हाला जे बघायला सांगताहेत त्यात त्यांचं मैदान, त्यांचे मित्र आणि झोपायची वेळ उलटून गेलेली ती रात्र आहे. ते सगळं तुम्हाला पडद्यावर दिसणार नाही. यात तुमची चूक नाही आणि शोचीही नाही.

अजून एक गोष्ट त्यांनी बहुधा सांगितली नसेल. तेव्हाच्या जर्मनीत 'स्टँड-अप' हा शब्द कुणी वापरत नव्हतं. रंगमंचावर एकटा माणूस उभा राहून बोलायला लागला की ते कबारेट असायचं, आणि कबारेट म्हणजे राजकारण. डिटर हिल्डेब्रांट हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. सरकारवर, चर्चवर, अमेरिकेवर बोलायचं, आणि प्रेक्षकाने हसता हसता मान डोलवायची. ओटोने हे काहीच केलं नाही. तो उड्या मारत आला, किंचाळला, चेहरे केले, घोड्यासारखा खिंकाळला, निरर्थक कविता म्हणाला. जर्मनमध्ये याला 'ब्ल्योडेल्न' म्हणतात. आपला 'चावटपणा' त्याला थोडा तिखट पडतो, 'येडेपणा' बऱ्यापैकी जवळचा. १९६८ च्या चळवळींनंतर अवघ्या पाच वर्षांनी कुणीतरी नुसता येडेपणा करतंय, याचा अनेकांना राग आला आणि त्याहून अनेकांना सुटल्यासारखं वाटलं. अमेरिकी धाटणीचा स्टँड-अप तिथे रुजला तो नव्वदच्या दशकात. टोमास हेरमान्सने १९९२ मध्ये हॅम्बुर्गला क्वाच कॉमेडी क्लब काढला, तिथून पुढे. तेव्हा तुम्ही आजच्या स्टँड-अपच्या अपेक्षेने १९७३ चा ओटो लावलात तर निम्मी निराशा ठरलेलीच.

आता मुद्द्यावर येते. एखादा शो जुना झाला की नाही, असं मी आख्ख्या शोबद्दल विचारतच नाही. प्रत्येक विनोद कशाचा तरी आधार घेऊन उभा असतो. तो आधार गेला की विनोद पडतो, आधार शाबूत असेल तर पन्नास वर्षांनीही उभा राहतो. गंमत म्हणजे ओटोच्या बाबतीत शिकाऊ माणसाला जे सगळ्यात अवघड वाटतं तेच सगळ्यात कमी म्हातारं झालंय.

मी वर्गात पहिल्यांदा दाखवते ती मानवी शरीराची नक्कल. एका माणसाला समोरचा काहीतरी अपमानकारक बोलतो. इथून पुढे आपण त्या माणसाच्या आत. कान मोठ्या मेंदूला कळवतो की असा असा शब्द प्राप्त झाला. मेंदू डोळ्याला विचारतो, कोण बोललं? डोळा वर्णन देतो. मेंदू ग्रंथींना कामाला लावतो, मुठीला आवळायला सांगतो. सगळं लष्करी वायरलेसच्या सुरात: अमक्याकडून तमक्याला, अमक्याकडून तमक्याला. आणि या धावपळीत प्लीहा मधेच विचारते, मीपण आवळू का? तिला एका शब्दात गप्प बसवलं जातं.

जर्मनमध्ये प्लीहेला 'मिल्त्स' म्हणतात. बी-१ च्या वर्गात तो शब्द कुणाला येत नाही, मग मी मराठीत 'प्लीहा' म्हणते आणि निम्म्या वर्गाला तेही कळत नाही. हमखास कुणीतरी विचारतं, "ती कुठे असते आणि करते काय?" मी म्हणते, हाच तर विनोद आहे. आपल्या आत एक अवयव आहे, तो नेमका काय करतो हे आपल्यापैकी कुणालाच सांगता येत नाही, आणि भांडणाच्या वेळी त्यालाही काहीतरी करून दाखवायचंय. मग हशा येतो, थोडा उशिरा, पण येतो. दर बॅचला. याला १९७३ ची जर्मनी माहीत असावी लागत नाही. शरीर लागतं आणि हुकूम सोडण्याची पद्धत ओळखीची लागते. दोन्ही अजून आहेत.

दुसरं म्हणजे प्रवचन. एआरडीवर १९५४ पासून शनिवारी रात्री 'दास वोर्ट त्सुम झोनटाग' म्हणजे 'रविवारसाठी दोन शब्द' हा कार्यक्रम लागतो. पाद्री येतो आणि काही मिनिटं बोलून जातो. आजही लागतो. ओटोने त्याचं 'वोर्ट त्सुम मोनटाग', सोमवारसाठी दोन शब्द, केलं. चेहऱ्यावर सात्त्विक भाव, आवाजात तो मधाळ चढउतार, आणि निरूपणाला ओळ घेतली विकी लेआन्ड्रोसच्या १९७४ च्या गाजलेल्या गाण्याची. ओळीचा अर्थ साधाच: टेओ, आपण लोत्झला (पोलंडमधलं शहर) जाऊ या. आपल्याकडे एखाद्या कीर्तनकारबुवांनी लग्नाच्या बँडवर वाजणाऱ्या गाण्याची पहिली ओळ घेऊन पूर्वरंग रंगवावा, तसा प्रकार.

यातली एक जागा जवळून बघा, कारण तिथे मराठी माणूस हमखास घसरतो. ओळीत 'वीर फार्न' आहे. 'वीर' म्हणजे आम्ही, आपण. बुवा मात्र ते ऐकतात 'फीर', म्हणजे चार. झालं. चौघं प्रवासाला निघालेत, आता हे चौघं कोण? चार ऋतू का? आणि शेवटी लक्षात येतं की ते चौघं म्हणजे आपण सगळेच. 'वीर आले' म्हणजे आपण सगळे, आणि बुवा म्हणतात 'फीर आले'. तिथेच टेओ हे नाव कुठल्या कुठल्या शब्दांत लपलंय याचा शोध लागतो आणि तो 'चहा की कॉफी' पर्यंत जाऊन पोहोचतो, कारण चहा 'टे' आणि अथवा 'ओडर': टे-ओडर.

जर्मन लिपीतला डब्ल्यू 'व' आणि व्ही बहुतेक ठिकाणी 'फ' म्हणायचा, हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते आणि दुसऱ्या वर्षीही मुलं चुकतात. हा तुकडा दाखवल्यावर चुकत नाहीत. एका बॅचमधल्या मुलाने तर घरचा अभ्यास म्हणून कोळीगीतातल्या 'डोलकर' शब्दावर निरूपण करून आणलं. डोल म्हणजे डुलणं, कर म्हणजे हात, भगवंताचा हात डुलतो आणि आपली नाव तरते, आणि कर म्हणजे आयकरही, म्हणून माणसाने वेळेवर भरावा. सबटायटलं करताना मला जे कधी जमलं नसतं ते त्याने करून दाखवलं. शब्दाला शब्द लावायच्या फंदात तो पडलाच नाही, आख्खा बुवाच उचलून आणला.

हे टिकलं याचं एक कारण लोकांना माहीत नसतं. ओटोच्या मागे तीन लेखक होते: रोबर्ट गेर्नहार्ट, बेर्न्ड आयलर्ट आणि पीटर क्नोर. गेर्नहार्ट (१९३७–२००६) हा जर्मनमधल्या विनोदी कवितेतला फार मोठा माणूस. वृत्त, यमक, वाक्यरचना यांच्याशी खेळणारा. तो येडेपणा फार मेहनतीने लिहिलेला होता. ओटो ज्या घाईने बोलतो त्यावरून वाटतं की आत्ताच सुचलंय, पण एखादा तुकडा लिहून काढा. मी वर्गासाठी काढलेत. एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही.

त्याच शोमध्ये आज पडणारे विनोदही आहेत. ज्या विनोदाला मूळ गाणं, मूळ जाहिरात किंवा मूळ माणूस माहीत असावा लागतो, तो मुळाबरोबर जातो. ओटोने मिखाएल होल्मच्या १९७४ च्या 'अश्रू खोटं बोलत नाहीत' अशा अर्थाच्या गाण्याचं 'डेनिश लोक खोटं बोलत नाहीत' केलं. जर्मनमध्ये अश्रू 'ट्रेनेन' आणि डेनिश लोक 'डेनेन', एवढाच फरक. साहेबांच्या कानात मूळ गाणं आपोआप वाजतं, म्हणून ते हसतात. तुमच्या सहकारिणीच्या कानात बहुधा वाजत नाही. तुमच्या तर नाहीच. हे तीन-चार शो पाहिल्यावर तुम्हालाच ओळखू यायला लागेल: कॅमेरा प्रेक्षकांवर गेला, सगळे पोट धरून हसताहेत आणि तुम्ही कोरडे. तिथे विनोद कशावर आहे हे गुगलायला जाऊ नका. समजेल, पण हसू येणार नाही. सरळ पुढे जा.

हा धोका फक्त सत्तरच्या दशकाला आहे असं नाही. मिखाएल मिटरमायर या कॉमेडियनचा नव्वदच्या दशकातला 'झॅप्ड' हा कार्यक्रम तेव्हा प्रचंड चालला. तो सगळा रिमोट घेऊन वाहिन्या बदलण्यावर उभा होता. माझ्या आत्ताच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांच्या खोलीत टीव्हीच नाही.

आणि वेग. याबद्दल कुणी बोलत नाही, पण माझ्या मते वयाची खूण शब्दांपेक्षा इथे जास्त दिसते. ओटो रंगमंचावर एकटा असतो तेव्हा आजही झपाट्याचा वाटतो. मधे मधे चित्रित केलेले प्रसंग येतात ते मात्र रेंगाळतात. तुम्ही वीस मिनिटांत बंद केलात तो कंटाळा तिथला असावा, असा माझा अंदाज आहे. उलट लोरिओ हा दुसरा जर्मन विनोदकार बघा. तो मुळातच संथ, म्हणून त्याचा संथपणा आजही खटकत नाही. नवरा-बायको न्याहारीला बसलेत, अंडं कडक झालंय, आणि साडेचार मिनिटं उकडलं की नाही यावरून संसाराचा हिशेब निघतो. तो तुकडा माझ्या वर्गातल्या लग्न झालेल्या विद्यार्थ्यांना कधीच समजावून सांगावा लागला नाही.

आता सहकारिणीची बाजू, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

२०२३ मध्ये ओटो पंच्याहत्तर वर्षांचा झाला आणि पहिल्या शोला पन्नास वर्षं झाली. वेस्टडॉयचर रुंडफुंक या प्रसारण संस्थेने जुने शो पुन्हा दाखवले तेव्हा सुरुवातीला एक सूचना टाकली. हा टीव्हीच्या इतिहासाचा भाग म्हणून मूळ स्वरूपात दाखवत आहोत, यात भेदभाव करणारी भाषा आणि दृष्टी असलेले भाग आहेत, अशा अर्थाची. त्यावर वर्तमानपत्रांत बरीच खडाजंगी झाली. एका गटाला ओटोसारख्या निरागस माणसाला सूचना म्हणजे अतिरेक वाटला, दुसऱ्याला ती कमीच वाटली. आणि त्याच वर्षी, हे मला फार आवडतं, त्याच ओटोचं 'फ्रीसेनयुंग' हे जुनं गाणं स्की आगू आणि योस्ट या दोन तरुण रॅपरनी त्याच्यासोबत नव्याने केलं आणि ते जर्मनीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तुमच्या सहकारिणीच्या वयाचे लोक त्यावर नाचत होते. त्याआधी २००२ पासून तो 'आइस एज'मधल्या सिडचा जर्मन आवाज आहे, म्हणजे लहानपणी ती त्यालाच ऐकत मोठी झालीये. तेव्हा ती ओटोला नाही म्हणत नसावी. ती काही शब्दांना नाही म्हणतेय.

त्या शब्दांबाबत मी तिच्या बाजूची आहे. कृष्णवर्णीय माणसांसाठी तेव्हा सर्रास वापरला जाणारा शब्द आज जर्मनमध्ये शिवी आहे. तेव्हाही ज्याला उद्देशून वापरला जायचा त्याला तो लागतच असणार, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. १९८५ च्या ओटोच्या पहिल्या चित्रपटात तो दारोदार जाऊन एका कृष्णवर्णीय माणसाला गुलाम म्हणून विकायला बघतो. ती भूमिका गुंटर काउफमानने केली, म्युनिकमध्ये जन्मलेला जर्मन नट. बाजू घेणारे म्हणतात की हसं विकत घेणाऱ्यांचं होतंय. कागदावर वाचलं तर ते पटतं. थिएटरमध्ये लोक नेमके कशाला हसले असतील, याबद्दल मला खात्री वाटत नाही. मी तो प्रसंग वर्गात दाखवत नाही.

माझं हे मत पुस्तकातून आलेलं नाही. २००२ मध्ये मी वर्षभर जर्मनीतल्या एका लहान गावात शिकायला होते. तेव्हा झाट-आइन्स वाहिनीवर काया यानारचा 'वास गुक्स्ट डू' हा कार्यक्रम जोरात होता. यानार फ्रांकफुर्टचा, आईवडील तुर्कस्तानातून आलेले, आणि तो वेगवेगळ्या देशांच्या माणसांच्या नकला करायचा. त्यातला एक होता रंजिद. पगडीवाला भारतीय, सोबत गाय, गायीचं नाव बेनिता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले, खोटं कशाला बोलू. मग बेकरीत पाव घ्यायला गेले की काउंटरवरचा मुलगा माझ्याशी रंजिदच्या सुरात बोलायला लागला. गाय कुठे बांधली, असं विचारायचा. वाईट मनाचा नव्हता, एक पाव जास्तीच घालायचा. पण सहाव्या-सातव्या वेळी मी पलीकडच्या चौकातल्या बेकरीत जायला लागले.

तरीही मी त्या कार्यक्रमाला निव्वळ वाईट म्हणणार नाही. स्थलांतरितांच्या घरातला मुलगा जर्मन टीव्हीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम चालवतोय, हे तेव्हा नवं होतं, आणि माझ्या वर्गातल्या तुर्की मुली त्याच्यावर जीव टाकायच्या. तुर्की माणसाची नक्कल तो आतून करत होता. भारतीयाची बाहेरून. फरक जाणवतो. या शोला जेमतेम पंचवीस वर्षं झालीत, आणि माझ्या लेखी रंजिद ओटोच्या प्लीहेपेक्षा कितीतरी म्हातारा झालाय.

ओटोच्याही बाबतीत आतून-बाहेरून हाच भेद कामाला येतो. साठच्या दशकाच्या अखेरीस वेस्टरश्टेडे गावच्या शाळेच्या मासिकात शेजारच्या ओस्टफ्रीसलांडच्या लोकांवर विनोद छापून आले आणि बघता बघता देशभर साथ पसरली. ओस्टफ्रीसलांडचा माणूस म्हणजे मठ्ठ. त्यांची पाणबुडी कशी बुडवायची? दार वाजवायचं. ओटो त्याच प्रदेशातला, आणि तो आला तोच 'मी तिकडचा' असं मिरवत. मठ्ठपणाचं सोंग त्याने स्वतःच घेतलं आणि ते इतक्या चपळाईने केलं की मठ्ठ कोण हा प्रश्न प्रेक्षकांकडेच आला. आज एमडेनमध्ये त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे.

शिक्षकांच्या एका उजळणी वर्गासाठी हॅम्बुर्गला गेले होते तेव्हा मी शहाणपणा करून चहाच्या टेबलावर पाणबुडीचा विनोद सांगितला. समोरच्या वयस्कर बाई नेमक्या लेअरच्या निघाल्या, म्हणजे ओस्टफ्रीसलांडच्याच. त्यांनी शांतपणे कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वरून चहा ओतला, साय सोडली, न ढवळता एक घोट घेतला (तिकडे ढवळत नाहीत) आणि म्हणाल्या, "आमच्याकडे दार वाजलं की उघडतात. चहा द्यायचा असतो." सगळं टेबल हसलं, माझ्या विनोदाला मिळालं नव्हतं तेवढं. मला ओटो त्या दिवशी जरा जास्त कळला.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर मारिओ बार्ट हा कॉमेडियन. १२ जुलै २००८ ला त्याने बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये सत्तर हजारांच्या आसपास लोकांपुढे कार्यक्रम केला, जागतिक विक्रम झाला. विषय एकच: माझी मैत्रीण कशी आहे. बाई खरेदी करते, बाई रस्ता चुकते, बाई बोलायची थांबत नाही. शिवी एकही नाही, सूचना लावायची गरज नाही, भाषा सोपी, बी-१ वाल्याला सगळं कळतं. पण मला तो ओटोपेक्षा जुना वाटतो, कारण पहिलं वाक्य ऐकलं की शेवटचं ठाऊक असतं. काही विद्यार्थ्यांना तो आवडतो, त्यांच्याशी मी भांडत नाही. ऐकण्याचा सराव म्हणून चांगलाच आहे.

म्हणजे तुमच्या तीन प्रश्नांपुरतं बोलायचं तर: शिळं झालंय का? गाण्या-जाहिरातींच्या नकला आणि चित्रित प्रसंग बरेचसे झालेत, रंगमंचावरचे भाषेचे खेळ नाहीत. कळत नाहीये का? थोडं, पण बी-१ ला ते स्वाभाविक आहे, बी-२ च्या मध्यावर पुन्हा बघा, दोनचे दहा होतील. हसू यायला नको का? ठिकाणावर अवलंबून आहे. एकट्याने बघताना आलं तर येऊ द्या आणि कशाला आलं ते बघा. ऑफिसात मात्र त्यातली वाक्यं फेकू नका. साहेबांच्या तोंडी जे खपतं ते दीड वर्षाच्या नवख्याच्या तोंडी खपेलच असं नाही. आणि जुने शब्द तर चुकूनही उचलू नका, जर्मन कानाला ते तुमच्या वयाच्या माणसाकडून फार वाईट लागतात.

क्रम विचाराल तर आधी शरीराचा तुकडा, मग सोमवारचं प्रवचन, मग हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीचे त्याने केलेले अवतार. ती परीकथा आधी मराठीत किंवा सोप्या जर्मनमध्ये वाचून घ्या. आख्खा शो सलग लावू नका. साहेबांशी बोलायचं असेल तर 'आवडला' एवढंच सांगून सोडू नका. विचारा, "शाळेत तुम्ही यातलं कुठलं वाक्य म्हणायचात?" माझा अनुभव असा की त्या पिढीचा जर्मन माणूस या प्रश्नावर हातातला काटा खाली ठेवतो आणि करून दाखवतो. ते बघण्यासारखं असतं, कधी कधी मूळ शोपेक्षाही. सहकारिणीला तेव्हा टेबलावर बसू द्या, ती कुठे हसते आणि कुठे थांबते ते तुम्हाला माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा जास्त शिकवेल.

एक शेवटचं, तांत्रिक. प्रवचनाचा तुकडा यूट्यूबवर बघताना आपोआप येणारी सबटायटलं बंद ठेवा. 'वीर' आणि 'फीर' मध्ये यंत्राला बहुतेक वेळा शहाणाच शब्द योग्य वाटतो. ते दोन्ही ठिकाणी 'आम्ही' लिहून मोकळं होतं, आणि तुम्ही पडद्याकडे बघत बसता की हे चौघं आले कुठून.